गमरेची पकड

दिलीप गमरे कुणाशी हात मिळवताना बोटं मिटत नसे. उघडा पंजा समोरच्याच्या हातात ठेवायचा, त्याने काय हलवायचा तो हलवून घ्यायचा, की हात परत. पहिल्यांदा भेटणाऱ्याला तो शिष्ट वाटे. सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमध्ये तो माझ्या वरच्या मजल्यावर राहत होता आणि मलाही तो शिष्टच वाटला होता. मग एकदा लिफ्टचं दार मिटताना मी पिशव्यांसकट अडकणार होतो, तेव्हा त्याने आतून माझं मनगट धरून मला ओढून घेतलं. पुढचे कित्येक दिवस त्या मनगटावर चार निळी बोटं उमटलेली होती. त्याच्या उघड्या पंजाबद्दल त्यानंतर माझी तक्रार राहिली नाही.

शेजारची म्हातारी चिनी आंटी लोणच्याच्या बरण्या घेऊन त्याच्या दारात यायची. "अंकल, ओपन कॅन?" तो बरणी हातात घ्यायचा, झाकण फिरायचं, आंटी जायची. एकदा झाकणाऐवजी बरणीच फुटली. हातातून रक्त गळत असताना त्याने आंटीची माफी मागितली आणि काचा स्वतः वेचल्या.

तो जुरोंग आयलंडवरच्या एका रसायन कारखान्यात तपासणी इंजिनियर होता. कुठला पाइप आतून गंजलाय, कुठली टाकी पातळ झालीय, हे शोधायचं काम. गळ्यात पास, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. वय चाळिशीच्या अलीकडे, उंची बेताची, खांद्यांवर थेट डोकं ठेवल्यासारखी मान, आणि डावा कान चुरगळलेला. तो कान मुंबईतला होता. परळच्या ज्या चाळीत तो वाढला तिथे दोन इमारतींमधल्या मातीवर कबड्डीचं मैदान आखलेलं असायचं, आणि गमरे त्या मैदानाचा डावा कोपरा होता. चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा आणि त्याचा दम सुटेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच कोपऱ्याचं काम.

हे काम त्याने कारखान्यात एकदा केलं. उंचावरच्या फलाटाची एक जाळी निसटली आणि तिच्यावर उभा असलेला बांगलादेशी कामगार खाली गेला. गमरे दोन पावलांवर होता. तो पोटावर पडला आणि कामगाराचा घोटा त्याच्या हातात आला. माणूस डोकं खाली करून लोंबकळत होता, खाली काँक्रीट होतं. लोक धावले, त्याला वर घेतलं, फलाटावर झोपवलं. गमरेने घोटा सोडला नव्हता. त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. घोटा महिनाभर काळा होता आणि तो कामगार महिनाभर लंगडत येऊन गमरेला चहा पाजत होता.

बोटं उघडणाऱ्यांत मॅक होता. कॅनडाच्या गहू पिकवणाऱ्या मैदानी मुलखातला, साठीला आलेला, पाइप टाकण्याच्या कंत्राटावर आलेला माणूस. त्याच सुमारास सिंगापूरमधल्या काही कॅनेडियन लोकांनी आपलं फुटबॉल इथे सुरू करायचं ठरवलं होतं. चार संघ जमवायचे होते आणि माणसं कमी पडत होती. मॅकने गमरेला विचारलं, "शनिवारी काय करतोस?"

गमरे म्हणाला, "झोपतो."

"आता नाही झोपणार."

त्या पहिल्या हंगामात मी होतो तो सीमारेषेवर. दहा यार्डांची साखळी बांधलेल्या दोन काठ्या असतात, त्यातली एक धरायला माणूस हवा होता. तोआ पायोहमधल्या कचेरीत मी बातम्यांच्या डेस्कवर होतो आणि शनिवार मोकळा असायचा. गमरे म्हणाला, "तुम्ही पेपरवाले असेही कडेला उभं राहून दुसऱ्याची मारामारी बघता. काठी धरून बघा."

कॅनडाचं फुटबॉल हाताने खेळतात. चेंडू लांबट, खेळाडू बारा. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्यांना. दोन्ही फळ्या एकमेकींसमोर यार्डभर मोकळी जागा सोडून वाकून उभ्या राहतात, आणि चेंडू हलला की ती जागा नाहीशी होते. तो आवाज दूरचित्रवाणीवर येत नाही. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा एक असतो, त्याच्या आतून मांसावर मांस आपटल्याचा दुसरा, आणि मग फुप्फुसातून हवा बाहेर पडल्याचा. हे मैदान अमेरिकन फुटबॉलच्या मैदानापेक्षाही मोठं लागतं. आम्हाला मिळालेल्या भाड्याच्या जागेत ते बसत नव्हतं, म्हणून एका टोकाच्या शेवटच्या पट्टीचा कोपरा तिरका कापलेला होता आणि त्याच्यापलीकडे लगेच पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा नाला होता. पहिल्याच सामन्यात एक जण त्या नाल्यात पडून दात गमावून आला.

पहिल्या शनिवारी गमरेने मैदानात पाऊल टाकण्याआधी वाकून गवताला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग त्याने सगळ्यांची नखं तपासायला सुरुवात केली. कबड्डीत वाढलेल्या नखांनी खेळू देत नाहीत. हे लोक हेल्मेट, खांद्यांवर ढाली, दातांत रबर असं घालून उभे होते आणि हा एकेकाचा हात उलटा करून बघत होता.

"हा काय करतोय?" कुणीतरी विचारलं.

मॅक म्हणाला, "दाखव नखं. मी दाखवलीत."

एका दांडगट पोराची नखं वाढलेली होती. गमरेने खिशातून नेलकटर काढून त्याच्या हातात दिलं आणि तो कापेपर्यंत समोर उभा राहिला. सगळे हसले. पहिल्याच सरावात त्याच पोराला गमरेने असा पाडला की त्याचं हेल्मेट फिरून त्याला कानाच्या भोकातून दिसायला लागलं. त्यानंतर नखांवर कुणी हसलं नाही. सामन्याआधी सगळे आपणहून हात पुढे करू लागले.

गमरे फळीत खेळायचा आणि समोरच्यांपेक्षा वीतभर बुटका असल्याने त्यांच्या बगलेखालून आत शिरायचा. चेंडू घेऊन पळणारा त्याच्या हाताच्या टप्प्यात आला की संपलं. तो अंगावर उडी मारत नसे. खाली जायचा, पाय धरायचा आणि स्वतःचं सगळं वजन त्या पायाला लटकवायचा. माणूस तोंडावर पडायचा. दोन सामन्यांत दोघांची नाकं फुटली, एकाच्या जबड्याला टाके पडले. सगळं नियमात होतं.

नियमात नव्हतं ते पुढचं. पळणारा खाली पडला की पंच शिट्टी वाजवतो आणि तिथे खेळ थांबतो. गमरे थांबत नसे. शिट्टी वाजून माणसं उठून चालायला लागायची आणि याने धरलेला माणूस जमिनीवर तसाच. मॅक येऊन पाठीवर थापटायचा तेव्हा पकड सुटायची. त्यासाठी दोनदा संघाला यार्डांचा दंड बसला होता.

तिसऱ्या सामन्यात रॉस त्याच्या हाती लागला. रॉस एका शाळेत गणित शिकवायचा, उंच, सडपातळ, आणि चारही संघांत सगळ्यात वेगवान. ती पकड घोट्याची नव्हती. रॉस वळताना गमरेच्या हातात त्याचा दंड आला आणि दोघं खाली गेले, रॉसचा हात पाठीमागे, त्यावर गमरे. शिट्टी वाजली. रॉस ओरडला, "डाउन! डाउन!" मग शब्द संपले आणि नुसता आवाज राहिला. गमरेने पकड आवळली. मी काठी धरून दहा पावलांवर होतो. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि रॉसचा खांदा जागेवरून निघाला.

त्याच्या संघातला एक जण धावत आला आणि हेल्मेटने गमरेच्या बरगड्यांत धडकला. मग सगळेच आले. मॅकच्या भुवईतून रक्त वाहत होतं आणि तो लोकांना कॉलर धरून बाजूला फेकत होता. तेवढ्यात विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. सिंगापूरच्या मैदानांवर तो वाजला की खेळ थांबवून छपराखाली जावंच लागतं. भोंगा वाजत होता आणि माणसं गवतावर एकमेकांना मारत होती. एवढ्या गर्दीत फक्त गमरे शांत होता. कुणी मारलं तर मार खात होता. त्याच्या पकडीत कुणी नव्हतं, म्हणून त्याला काही करायचं नव्हतं.

छपराखालीच चारही कप्तानांनी निर्णय केला. रॉसला हॉस्पिटलात नेलं होतं. यापुढे एकदा जरी शिट्टीनंतर गमरेची पकड राहिली तरी तो कायमचा बाहेर. मॅकने त्याला बाजूला घेऊन उरलेलं सांगितलं. आमच्या संघात कशीबशी तेरा माणसं होती. त्यातला एक जहाजावरचा इंजिनियर, जहाज बंदरात असेल तेव्हाच यायचा. "तू गेलास तर बारा होत नाहीत. तू बाहेर म्हणजे आपण सगळे बाहेर."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या छपराखाली, भेटायला आला. बरगड्यांना पट्टा होता, त्यामुळे ताठ बसला होता. कॉफीचा ग्लास त्याने दोन बोटांत, काठाला धरला होता.

मी विचारलं, "तो ओरडत होता, ते ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"ओरडणारा माणूस जिवंत असतो, संपादक."

मग त्याने ते सांगितलं. विशीत असताना एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बँकेच्या संघाचे निवड करणारे बसले होते. एक पोरगा घ्यायचा होता, खेळाडूंच्या कोट्यातून, कायमची नोकरी. शेवटची चढाई. गमरेने घोटा धरला. चढाईपटू मध्यरेषेच्या अलीकडे हातभर पडलेला. "मेलो म्हणाला. आई गं, पाय तुटला म्हणाला, कबड्डी कबड्डीच्या आडून, पंचाला ऐकू जाणार नाही असं. पंचाची शिट्टी झाली असं मला वाटलं. लोकांमधून कुणीतरी वाजवली होती. मी सोडला. त्याने हात लांब केला आणि रेषेवर ठेवला. हसत होता."

"आणि नोकरी?"

"त्यालाच मिळाली. कॅशियर झाला. मी धरून ठेवला असता तर मी झालो असतो." त्याने ग्लास खाली ठेवला. "सोडला म्हणून इंजिनियर झालो. आई अजून म्हणते, बरं झालं. बरं झालं, पण त्यानंतर कुठल्या संघाने माझं नाव लिहिलं नाही. आता मॅकने लिहिलंय."

मग म्हणाला, "शिट्टी पंचाची असते, दम त्या माणसाचा. पंच चुकतो. दम चुकत नाही, हाताला कळतो. पण हे लोक कबड्डी कबड्डी म्हणतच नाहीत ना. रॉसचा दम सुटला हे मला कुठून कळायचं?"

हे तो विनोदाने म्हणत नव्हता.

पुढचे आठवडे त्याने घरी सराव केला. सुजाता वहिनी विद्यापीठात संशोधनाचं काम करायच्या आणि रविवारी सकाळी घरात बुद्धवंदना चालवायच्या. आसपासच्या दोन-तीन कुटुंबांबरोबर मीही जाऊन बसायचो. वंदना आटोपली की वहिनी स्वयंपाकघरात कुकर चढवायच्या आणि गमरे हॉलमध्ये तांदळाची गोणी मिठीत धरून जमिनीवर पडायचा. कुकरची शिट्टी झाली की सोडायची. पहिल्या रविवारी शिट्टी झाली आणि तो तसाच पडून राहिला. त्याची मुलगी यशू सोफ्यावरून ओरडली, "पप्पा, लेट गो लाह! राइस ऑलरेडी डेड!"

वहिनी दारात आल्या. "भाऊजी, बघा जरा. आत्ता पाणातिपाता म्हणून झालं, जीवहिंसा करणार नाही म्हणून. शनिवारी लोकांची हाडं."

"मी मुद्दाम केलं का ते?" गमरे गोणीवरूनच म्हणाला.

"अहो, तिसऱ्या शिट्टीला डाळ शिजते. तुमचं कधी होणार?"

दर रविवारी ते चालायचं. हळूहळू शिट्टी आणि हात यांच्यातलं अंतर कमी झालं. मग एका रविवारी शिट्टीबरोबर त्याची बोटं झटका बसल्यासारखी उघडली, आणि तो स्वतःच्या पंजाकडे बघत राहिला. आनंद झालेला दिसला नाही. मैदानावरही ते उतरलं. तो आता शिट्टीला दोन्ही हात हवेत उडवून बाजूला लोळायचा. समोरचे हसायचे. नाकं पूर्वीसारखीच फुटत होती, पण शिट्टीच्या आधी.

शेवटच्या सामन्यात समोर रॉसचा संघ होता. रॉस खांद्याला पट्ट्या बांधून परत आला होता. त्याने नखं दाखवायला हात पुढे केला तेव्हा गमरेने त्याची बोटं उलटी करून पाहिली आणि मान हलवली. रॉस म्हणाला, "आज मी तुझ्यासाठी आलोय."

तो सामना मी पाहिलेल्यांत सगळ्यात वाईट होता. पहिल्याच तासात आमच्या दोघांना उचलून बाहेर आणावं लागलं, त्यांच्या एकाला. बदली एकच होता, आम्ही अकराच उरलो. पाऊस पडून गेला होता, तिरक्या कोपऱ्यापाशी चिखल झाला होता आणि त्या चिखलात माणसं एकमेकांची तोंडं दाबत होती. रॉसला चेंडू मिळाला की तो गमरे असेल तिथूनच पळायचा, गुडघे उंच करून. एकदा त्याचा गुडघा गमरेच्या हनुवटीखाली बसला. गमरे उठला, दातांतलं रबर काढलं, लाल थुंकला, रबर परत बसवलं. मी विचारलं, "ठीक आहेस?" तो म्हणाला, "काठी सरळ धरा."

गुण बरोबरीत आले आणि वेळ संपत आली. आमच्या संघाने चेंडू लांब, त्यांच्या शेवटच्या पट्टीत लाथाडला. त्या पट्टीला एंडझोन म्हणतात, आणि तिथे कॅनडाचा एक खास नियम आहे. असा चेंडू झेलणाऱ्याला तो पट्टीबाहेर आणता आला नाही, तर लाथाडणाऱ्याला एक गुण मिळतो. बाहेर आणला तर काही नाही. आमच्यासाठी तो एक गुण म्हणजे सामना होता. चेंडू झेलायला रॉस उभा होता.

झेलणाऱ्याने चेंडूला हात लावेपर्यंत त्याच्यापासून पाच यार्ड लांब राहायचं असतं. गमरे धावत गेला आणि त्या अंतरावर येऊन थांबला. गुडघे वाकलेले, हात खाली, पंजे उघडे. परळच्या मैदानावर कोपरा असाच उभा राहत असणार. रॉसने चेंडू घेतला, डावीकडे झुकला, उजवीकडे सुटला. गमरे चिखलात आडवा झाला आणि रॉसचा घोटा त्याच्या हातात आला.

रॉस पडला नाही. एका पायावर उड्या मारत, गमरेला ओढत तो रेषेकडे निघाला. मोकळ्या पायाने मध्येच हेल्मेटवर लाथ घालत होता. हेल्मेट निघून गेलं. पुढची लाथ चुरगळलेल्या कानावर बसली. गमरेने दुसरा हातही त्याच घोट्याला घातला. मग रॉस कोसळला, पालथा, आणि चेंडू धरलेला हात लांब करून रेषेकडे सरकवू लागला. चेंडू आणि रेषा यांच्यात वीतभर चिखल होता. रॉस ओरडत होता.

शिट्टी वाजली.

गमरेचे हात उघडले. शिट्टी वाजत असतानाच उघडले. त्याने दोन्ही पंजे चिखलावर पालथे टेकवले आणि तसाच पडून राहिला.

रॉसने चेंडू रेषेपलीकडे ठेवला, पण त्याला आता अर्थ नव्हता. मग तो उठला, वळला, आणि बुटाची टाच गमरेच्या उजव्या पंजावर मारली. एकदा, आणि मग पुन्हा. बुटाला खिळे होते. मॅक पोचेपर्यंत तिसऱ्यांदाही. गमरेचा डावा हात रॉसच्या पायापासून अर्ध्या फुटावर उघडा पडला होता. तो हलला नाही.

आम्ही एका गुणाने जिंकलो. रॉसला दोघांनी धरून बाहेर नेलं तेव्हा तो रडत होता. गमरेची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हाडं मोडून चपटी झाली होती. गाडीत त्याने ती मांडीवर एखाद्या दुसऱ्याच्या वस्तूसारखी ठेवली होती. मॅक म्हणाला, त्याला आपण कायमचा बाहेर काढू, तू फक्त तक्रार कर.

"शिट्टीनंतर झालं," गमरे म्हणाला. "ते मोजायचं नसतं."

नंतर गमरे मला मराठीत म्हणाला, "सोडला तेव्हा त्याच्यात दम होता. हाताला कळत होतं. सोडला की मारणार, हेही कळत होतं."

ती दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. कारखान्यातलं काम तो डाव्या हाताने करायला शिकला. आंटीच्या बरण्या यशूकडे गेल्या. खेळणं संपलं, पण पुढच्या हंगामात मॅकने त्याचं नाव पुन्हा लिहिलं, पंचांच्या रकान्यात.

मी पुण्याला परत निघालो त्याआधीच्या शनिवारी शेवटचं मैदानावर गेलो. काठी दुसऱ्या कुणाच्या हातात होती. गमरे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात होता, गळ्यात शिट्टी. सामन्याआधी त्याने नखं तपासली. तो लवकर शिट्टी वाजवतो म्हणून दोन्ही संघ त्याच्यावर चिडलेले होते.

रॉस अजून खेळत होता, आता जरा सावकाश. चेंडू घेऊन तो फळीत घुसला आणि तिघांनी त्याला गाठलं, एक कमरेला, एक मानेला, एक पायांना. तो अजून उभा होता, एकेक पाऊल रेटत होता. गमरे त्या ढिगापाशी कान लावल्यासारखा वाकला आणि त्याने शिट्टी वाजवली. तिघांनी सोडलं. रॉस गुडघ्यांवर आला आणि उसळला, "मी पडलो नव्हतो! मी चाललो होतो!"

"नो," गमरे म्हणाला. "युवर दम इज फिनिश. आय हर्ड."

रॉसने चेंडू जमिनीवर आपटला. त्याला बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. गमरेने उजवा हात पुढे केला. रॉसने त्याच्याकडे पाहिलं, त्या दोन वाकड्या बोटांकडे पाहिलं, आणि हात दिला. गमरेची उरलेली बोटं मिटली. त्याने रॉसला ओढून उभं केलं, आणि हात सोडला.